चहानंतरचे पाय

"हा पाय मला चावतो!"

असं म्हणून ठिणगीने आपला डावा पाय काढला आणि धाडकन आजोबांच्या टेबलावर ठेवला. टेबलावरचे स्क्रू टणाटण उडाले.

"चावतो?" तोफ एक पाऊल मागे सरकला. "दात आलेत की काय त्याला?"

"नव्या बुटासारखा चावतो रे, मठ्ठा! घालून बघ म्हणजे कळेल."

"मी कसा घालू? मला आधीच दोन आहेत!"

एरवी खारूताई यावर पोट धरून हसली असती. आज तिला हसू येईना. तिचं लक्ष आजोबांकडे होतं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, पाय उचलला, वरच्या कपात बोटं फिरवली आणि त्यांचा चेहरा पडला.

"पुन्हा घट्ट झाला," ते पुटपुटले. "पण मी तर मापं दोनदा तपासली होती..."

सुट्टी लागली की खारूताई आणि तिचा मावसभाऊ तोफ आजोबांकडे राहायला यायचे. तोफ दहा वर्षांचा. कानात सांगायची गोष्टही तो चार घरांना ऐकू जाईल अशी सांगायचा, म्हणून तोफ. खारूताई बारा वर्षांची. खारीसारखी सतत काहीतरी गोळा करून लपवून ठेवायची, म्हणून खारूताई. आणि शेजारच्या घरातली ठिणगी का ठिणगी होती, ते तिच्या तोंडून दोन वाक्यं ऐकली की कुणालाही कळायचं. सात वर्षांची असताना एका अपघातात तिचा पाय गुडघ्याखाली गेला होता. तेव्हापासून तिचे सगळे कृत्रिम पाय आजोबांनीच केले होते. आजवर चार झाले, हा पाचवा. पहिले चारही पाय घालून ती झाडावर चढली होती. पाचवा घालून तिला जिना उतरवत नव्हता.

आजोबांच्या कार्यशाळेत एक मोठं कोरणारं यंत्र होतं. पायाचा उरलेला भाग ज्या कपात बसतो त्याला सगळे सॉकेट म्हणत. आजोबा मापं घ्यायचे, कॉम्प्युटरला सांगायचे, कॉम्प्युटर यंत्राला सांगायचा आणि यंत्र फोमच्या ठोकळ्यातून घर्रर्र करत साचा कोरून काढायचं. त्या साच्यावर गरम प्लॅस्टिक बसवलं की झालं सॉकेट. लहान मुलांच्या साच्यात वाढीसाठी थोडी जागा सोडावी लागे. मुलं वाढतात ना! ती जागा किती सोडायची, त्याचा हिशेब कॉम्प्युटर करायचा. आणि असा चोख करायचा, की मुलं वर्षभर तोच पाय घालून हुंदडत.

पण दोन महिन्यांपूर्वी तो जुना कॉम्प्युटर धूर सोडून कायमचा गप्प झाला, त्याच्या जागी नवा आला आणि तिथूनच सगळं बिनसलं.

"काय, पुन्हा तक्रार?"

दारात साहेब उभे होते, कार्यशाळेचे व्यवस्थापक. त्यांनी टेबलावरचा पाय बघितला, मग आजोबांकडे बघितलं.

"ही पाचवी. शुक्रवारी मोठ्या डॉक्टरबाई येतायत. मी त्यांना स्पष्टच सांगणार आहे. तुमचं वय झालं आता. हात चुकतात, लक्ष राहत नाही. हे काम तुमच्याकडून काढून घेतलेलं बरं. लेकरांच्या पायांचा प्रश्न आहे."

"आजोबांचे हात चुकत नाहीत!" ठिणगी उसळली.

"मग काय यंत्र चुकतं? यंत्र तेच, सॉफ्टवेअर तेच. चुकायला उरलं कोण?" साहेब म्हणाले आणि चालते झाले.

 आजोबा भांडले असते, ओरडले असते तरी खारूताईला बरं वाटलं असतं. ते नुसते उडालेले स्क्रू एकेक करून वेचत बसले.

 खारूताईला एक गोष्ट ठाऊक होती, जी तिने कुणालाच सांगितली नव्हती. आजोबांच्या टेबलाच्या वर, भिंतीवर एक कॅलेंडर होतं. रोज सकाळी आजोबा त्यावर लाल पेन्सिलीने एक दिवस खोडायचे. आणि ते कॅलेंडर अठ्ठावीस वर्षांपूर्वीचं होतं! सुट्टीच्या पहिल्याच दिवशी तिने ते पाहिलं होतं. आजोबांना साल तरी कळतंय ना? की साहेब म्हणतात तेच खरं?

'हे साहेबांच्या नजरेला पडलं तर संपलंच,' तिच्या मनात आलं.

त्या संध्याकाळी, आजोबा हात धुवायला गेलेले बघून तिने कॅलेंडर खिळ्यावरून काढलं आणि फोमच्या ठोकळ्यांच्या ढिगामागे सरकवून दिलं. मग रात्री तिला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी आजोबा सकाळभर भिंतीकडे बघत होते. "इथलं कॅलेंडर कुठं गेलं बुवा?" त्यांनी दोनदा विचारलं. खारूताईने झाडू उचलला आणि फोमचा भुगा लोटायला घेतला.

बुधवारी ठिणगी कुबड्या टेकत आली आणि पायरीवर फतकल मारून बसली. "रडत बसून काही होणार नाही. तपास करायचा!"

"कसला तपास?" तोफ गरजला.

"हळू! साहेबांना ऐकू जाईल. नवा कॉम्प्युटर आल्यापासून जेवढे पाय झाले, तेवढ्या सगळ्यांचा. आजोबांची वही आण."

आजोबांची वही म्हणजे बघण्यासारखी गोष्ट. कुणाचा पाय, मापं काय, साचा किती वाजता कोरला, सगळं टपोऱ्या अक्षरात. तिघांची डोकी वहीत गेली. एकूण एकोणीस साचे. त्यातल्या पाच तक्रारींपुढे ठिणगीने पेन्सिलीने फुल्या मारल्या.

"पाचही लहान मुलं आहेत," खारूताई म्हणाली. "मोठ्या माणसांची एकही तक्रार नाही."

"पण सगळ्या मुलांचीही नाही," ठिणगी बोट फिरवत म्हणाली. "हा बघ, आठ वर्षांचा मुलगा, त्याचा पाय झकास बसला. ही मुलगी, हिचाही. मग आमच्यात काय वेगळं?"

खारूताईने वेळेचा रकाना बघितला. एकदा बघितला, पुन्हा बघितला.

"ज्यांचे चांगले बसले त्यांचे साचे दहाच्या आत कोरलेत. ज्यांचे चावतात त्यांचे सगळे साडेदहाच्या पुढे."

"मध्ये काय होतं?"

तिघांनी एकमेकांकडे बघितलं. कार्यशाळेत सगळ्यांना ठाऊक होतं मध्ये काय होतं ते. बरोबर दहा वाजता आजोबा हातातलं काम ठेवून वीस मिनिटं चहाला जायचे. आभाळ कोसळलं तरी त्यांचा चहा चुकायचा नाही.

"चहा!" तोफेने बार उडवला. "आजोबांच्या चहात कुणीतरी काहीतरी मिसळतं!"

"गप रे! मग मोठ्यांचे पायही बिघडले असते," ठिणगी म्हणाली. खारूताईला मात्र तेवढ्याने धीर आला नाही. चहानंतर म्हाताऱ्या माणसाचं लक्ष उडतं, असंच साहेब म्हणणार. हा पुरावा आजोबांच्या बाजूचा होता की विरुद्ध, तेच तिला कळेना.

गुरुवारी सकाळी तिघं आजोबांच्या खुर्चीमागे उभी राहिली. नव्या कॉम्प्युटरच्या झगमगीत स्क्रीनवर मधोमध एक काळी चौकट होती आणि तिच्यात हिरवी अक्षरं लुकलुकत होती.

"हे काय, जुनाच कॉम्प्युटर दिसतोय की आत!" तोफ म्हणाला.

"तेच तर," आजोबा म्हणाले. "नवा कॉम्प्युटर बसवायला ते हेडफोनवाले दादा आले होते ना, त्यांनी केलं. आपला प्रोग्रॅम इतका जुना, की नव्या कॉम्प्युटरला त्याची भाषाच कळत नाही. प्रोग्रॅम करणारी मंडळी दुकान बंद करून कधीच गेली. म्हणून दादांनी नव्याच्या पोटात एक खोटा-खोटा जुना कॉम्प्युटर उभा केला. व्हर्च्युअल मशीन म्हणतात त्याला. आपल्या प्रोग्रॅमला वाटतं आपण आपल्या जुन्या घरातच आहोत."

"म्हणजे फसवलं त्याला!"

"त्याच्या भल्यासाठी," आजोबा म्हणाले आणि चटचट काहीतरी टाइप करून त्यांनी प्रोग्रॅम उघडला.

"आजोबा, कोरायचं नाही, नुसतं बघायचंय," खारूताई म्हणाली. "ठिणगीची मापं घाला. वाढीची जागा किती सोडतो ते कुठं दिसतं?"

"दुसऱ्या पानावर. पण ते पान मी बघत नाही गं. वीस-पंचवीस वर्षं कधी चुकलं नाही, कशाला बघायचं?"

त्यांनी दुसरं पान काढलं. वाढीची जागा सहा मिलिमीटर. बरोबर!

दहा वाजले. आजोबा चहाला गेले. तिघं कॉम्प्युटरसमोर पहारा देत बसली. कुणी आलं नाही, कुणी गेलं नाही. दहा मिनिटांनी काळी चौकट आपोआप मंद झाली, जणू तिलाही डुलकी लागली.

आजोबा आले, त्यांनी एक बटण दाबलं. चौकट जागी झाली. पुन्हा ठिणगीची मापं, पुन्हा दुसरं पान.

वाढीची जागा शून्य.

"अरे बापरे!" ठिणगी ओरडली. "आणि वर काय लिहिलंय बघा! वय चाळीस!"

"ठिणगीमावशी!" तोफेला हसू आवरेना. "नमस्कार करतो, मावशी! तू तर माझ्या आईएवढी झालीस!"

"चाळीस वर्षांच्या बाईचा पाय कशाला वाढेल? म्हणून जागाच सोडली नाही त्याने!" ठिणगी म्हणाली. "पण मी बाराची आहे. एकदम अठ्ठावीस वर्षं कुठून चिकटली मला?"

अठ्ठावीस!  खारूताई ठोकळ्यांच्या ढिगामागे धावली आणि धुळीने माखलेलं कॅलेंडर घेऊन आली. 

"आजोबा, हे मी लपवलं होतं."

"तू? अगं, तीन दिवस शोधतोय मी! रोज आठवून आठवून तारीख घालावी लागली मला."

"मला वाटलं..." 

आजोबांनी कॅलेंडर हातात घेतलं. मग दाराकडे एक नजर टाकून ते हलक्या आवाजात बोलू लागले.

"आपल्या प्रोग्रॅमला दोन हजार साल ठाऊकच नाही. उघडताना पुढची तारीख दिसली की तो दार लावून घेतो; एकदा उघडला, की मग तारीख तपासत नाही. तेव्हा मी एक युक्ती काढली. अठ्ठावीस वर्षं मागे गेलं की वार आणि तारखा अगदी जशाच्या तशा जुळतात. म्हणून रोज सकाळी मी मशीनची तारीख अठ्ठावीस वर्षं मागे नेतो, या कॅलेंडरवर बघून. पेशंटचं जन्मसालही तेवढंच मागे घालतो. वजाबाकी बरोबर येते, वय बरोबर येतं, पाय बरोबर बसतो."

"मग हे साहेबांना का नाही सांगितलं?"

"खोट्या तारखेवर काम चालतं म्हटल्यावर यंत्रच बंद पाडलं असतं त्यांनी. मग तुमच्यासारख्या पोरांना पायासाठी कुठल्या कुठे जावं लागलं असतं. म्हणून गप्प राहिलो. चुकलंच माझं."

ठिणगीने स्क्रीनकडे बोट दाखवलं. "आत्ता मशीनमध्ये तारीख कुठली आहे, बघा बरं."

आजोबांनी बघितली. तारीख आजची होती. साल आजचं होतं.

त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "पण मी सकाळी मागे नेली होती. नेली होती ना? की विसरलो?" ते खुर्चीत मागे टेकले. "साहेब म्हणतात तसंच असेल का गं?"

असा आवाज खारूताईने त्यांचा कधीच ऐकला नव्हता. तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, पण तिने ते बाहीने पुसून टाकलं.

"नाही आजोबा! तुम्ही बदललीत. प्रोग्रॅम उघडलाच ना सकाळी? तारीख बदलली नसती तर त्याने दार उघडलंच नसतं! आणि चहाच्या आधी ठिणगी बाराचीच होती. तुम्ही नाही विसरलात. दुसरंच कुणीतरी बदलतंय."

"पण कुणीच आलं नव्हतं!" तोफ म्हणाला. "आपण तिघं इथेच होतो. फक्त ती चौकट झोपली आणि उठली."

चौकट झोपली आणि उठली. तिघांनी एकदम स्क्रीनकडे बघितलं.

शुक्रवार उजाडला. डॉक्टरबाई आल्या, साहेब आले आणि बरोबर हेडफोनदादाही आला. गळ्यात हेडफोन, हातात मोबाइल. साहेबांनी तक्रारींची फाइल उघडली.  मध्येच बोललं तर मोठी माणसं रागावतील, आणि नाही बोललं तर आजोबांचं टेबल जाईल. खारूताई पुढे झाली.

"डॉक्टरबाई, आधी आमचं ऐकाल? पाचच मिनिटं."

"पोरांचं काय काम इथे?" साहेब म्हणाले.

"साहेब, पाय पोरांचेच आहेत," डॉक्टरबाई शांतपणे म्हणाल्या. "बोल बाळ."

मग खारूताईने वही दाखवली, वेळा दाखवल्या, कॅलेंडर दाखवलं. तारखेची युक्ती मात्र आजोबांनी स्वतःच, मान खाली घालून सांगितली. साहेबांच्या भुवया वर गेल्या.

"पण माझ्याकडून काही चूक नाही हां!" हेडफोनदादा घाईघाईने म्हणाला. "मी सगळं जसंच्या तसं उचलून ठेवलंय."

"दादा, झोपून उठल्यावर तू सगळ्यात आधी काय बघतोस?" ठिणगीने विचारलं.

"मी? घड्याळ. का?"

"कुणाचं घड्याळ?"

"भिंतीवर..." दादाचं तोंड तसंच उघडं राहिलं. तो खुर्चीवर बसला आणि सेटिंग्ज उघडून भराभर खाली जाऊ लागला. एका ओळीपाशी त्याचा हात थांबला. तिथे बरोबरची एक छोटीशी खूण होती.

"आतलं मशीन दहा मिनिटं कुणी वापरलं नाही तर झोपतं," तो हळूच म्हणाला. "आणि जागं झालं की बाहेरच्या कॉम्प्युटरचं घड्याळ बघून आपलं घड्याळ लावून घेतं. ही खूण मीच ठेवली. म्हटलं, तारीख बरोबर राहिलेली बरी. मला काय ठाऊक, इथे तारीख चुकीची ठेवतात म्हणून!"

"विचारलं होतंस का आजोबांना?" तोफेने आपल्या नेहमीच्या आवाजात विचारलं. खिडकीतल्या काचा हादरल्या.

"नाही," दादा म्हणाला. "ते काहीतरी सांगत होते, पण माझ्या कानात हेडफोन होते."

त्याने खूण काढली. तरीही कुणाचा जीव भांड्यात पडला नाही. परीक्षा अजून बाकी होती. आजोबांनी कॅलेंडर बघून तारीख मागे नेली. दहा वाजले. डॉक्टरबाईंसकट सगळे चहाला गेले. चौकट झोपली. परत आल्यावर आजोबांनी ती उठवली, ठिणगीची मापं घातली आणि आयुष्यात पहिल्यांदाच न सांगता दुसरं पान उलटून बघितलं.

वय बारा. वाढीची जागा सहा मिलिमीटर.

"कोरा!" डॉक्टरबाई म्हणाल्या.

यंत्र घर्रर्र करत फिरू लागलं, फोमचा पांढरा भुगा सगळ्यांच्या केसांत बसला. साचा निघाला, त्यावर गरम प्लॅस्टिक चढलं. दुपारी तीन वाजता ठिणगीने सहावा पाय घातला, एक पाऊल टाकलं आणि थांबली. तिचा चेहरा गंभीर झाला. खारूताई तिच्याजवळ गेली.

"काय गं? चावतो?"

"गप! ऐकतेय," ठिणगी म्हणाली. तिने आणखी एक पाऊल टाकलं, मग आणखी एक. मग ती दाराबाहेर पडली, जिना धडाधड उतरली, तसाच चढून वर आली आणि धापा टाकत म्हणाली, "अजिबात बोलत नाही हा! गुणी आहे!"

तोफेने अशी आरोळी ठोकली, की साहेबांच्या हातातली फाइल खाली पडली. ती त्यांनी उचलली, पण उघडली नाही.

"मी चुकीच्या माणसाला दोष देत होतो," ते आजोबांना म्हणाले. "माफ करा."

"चूक तुम्हा तिघांचीही आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "एकाने विचारलं नाही, एकाने ऐकलं नाही आणि एकाने सांगितलं नाही. पाचही मुलांना उद्याच बोलवा. पाय नव्याने करून द्यायचे, आजोबांनीच. आणि ही युक्ती मोठ्या अक्षरात लिहून भिंतीवर लावायची. दादा, तू यांच्याकडून हा प्रोग्रॅम नीट समजून घे. आणखी थोड्या वर्षांनी ही युक्तीही संपेल, त्याच्या आत नवा करायचाय." मग त्या मुलांकडे वळल्या. "आणि तुम्ही! दोन महिने आम्हा मोठ्यांना जे जमलं नाही, ते तुम्ही एक वही वाचून केलंत. शाब्बास!"

सगळे गेल्यावर आजोबा कागदावर तारखेची युक्ती लिहायला बसले. खारूताई शेजारी उभी राहून टेप कापून देत होती.

"खारू," आजोबा मान वर न करता म्हणाले, "ते कॅलेंडर बघून तुला वाटलं होतं ना, की आजोबांचं डोकं चालेनासं झालं?"

तिला खोटं बोलवेना. "हो."

"मग विचारायचं होतंस की मला."

"भीती वाटली. तुम्ही हो म्हणाला असतात तर?"

आजोबांनी पेन खाली ठेवलं. "मलाही तीच भीती होती गं. म्हणून तर मीसुद्धा कुणाला विचारलं नाही."

दोघांनी मिळून कागद भिंतीला चिकटवला. त्याच्या शेजारी खिळ्यावर कॅलेंडर टांगलं. मग आजोबांनी लाल पेन्सिल तिच्या हातात दिली आणि खारूताईने टाचा उंचावून अठ्ठावीस वर्षांपूर्वीचा तो शुक्रवार खोडला.